खतं ठेवताना या चुका टाळा: मोटारीच्या खोलीत कशाशेजारी काय आहे?

विहिरीवरची मोटारीची खोली उघडून बघा. भिंतीवर स्टार्टर, खाली व्हेंचुरी (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारी नळी) आणि फिल्टर, कोपऱ्यात १३:०:४५ ची, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट खताची अर्धी गोणी, तिला टेकून गंधक, बाजूला ड्रीप धुवायच्या ॲसिडचा कॅन आणि त्याच फळीवर ब्लीचिंग पावडर. यातली प्रत्येक वस्तू कामाची आहे. धोका आहे तो शेजाराचा.

सगळ्यात घातक जोडी ॲसिड आणि ब्लीचिंगची. ड्रिपरमधले क्षार काढायला आपण ॲसिड सोडतो, शेवाळासाठी ब्लीचिंगचं पाणी. वेळ वाचवायला दोन्ही एकाच बादलीत ओतलं, किंवा टाकी न धुता एकापाठोपाठ सोडलं, की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे वाकून काम करणाऱ्याच्याच छातीत जातो. ही दोन कामं वेगवेगळ्या दिवशी करा आणि मधे टाकी, लाईन साध्या पाण्याने धुऊन काढा. घसा धरणारा वास आला तर झाकण लावायला थांबू नका. बाहेर पडा, वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि उंचावर जा. ॲसिड पातळ करताना आधी पाणी घ्या, मग त्यात ॲसिड हळूहळू सोडा. उलट केलं तर ते उसळून तोंडावर उडतं. डोळ्यात गेलं तर १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि तसेच दवाखान्यात जा.

दुसरी चूक नायट्रेटच्या खतांची. १३:०:४५ किंवा कॅल्शियम नायट्रेट स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्याच्या आगीला ऑक्सिजन पुरवतं. म्हणून गंधक, डिझेल, ऑईल, कडबा यांच्याजवळ ते नको. सांडलेलं खत भुशाने टिपू नका, तो भुसा वाळला की ठिणगीनेही भडकून पेटतो. कोरड्या मातीने गोळा करा. आग लागलीच तर गोणपाट टाकून ती विझत नाही, कारण ऑक्सिजन खतातूनच मिळत राहतो. मेन स्विच बंद करून लांबून भरपूर पाणी मारावं लागतं. तपकिरी धूर दिसला तर जवळ जाऊच नका. तो छातीत गेला तर त्रास काही तासांनीही उसळतो, तेव्हा बरं वाटतंय म्हणून घरी झोपू नका. १०८ ला फोन करा. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात फुटलं ते याच कुळातलं अमोनियम नायट्रेट होतं, गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं, सुमारे २,७५० टन. आपल्याकडे त्यावर २०१२ च्या नियमांनी परवान्याचं बंधन आहे.

द्राक्षबागायतदारांसाठी एक खास सूचना. बोर्डोसाठी (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक फवारणीसाठी) आणलेला कळीचा, म्हणजे न विरवलेला चुना गळक्या पत्र्याखाली ठेवू नका. पाणी लागलं की तो इतका तापतो की शेजारची गोणी पेटू शकते. आगीवर पाणी मारायची वेळ आली तर हाच चुना आडवा येतो, म्हणून तो मुळात दुसऱ्या खोलीत, बंद डब्यात हवा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोठ्याची. युरियाच्या रिकाम्या गोणीत पेंड भरायची, खत कालवलेल्या बादलीत गायीला पाणी दाखवायचं, हे सर्रास चालतं. पोटात युरियाचा अमोनिया होतो. जनावर थरथरतं, पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, आणि हातात फार थोडा वेळ उरतो. लगेच पशुवैद्यकांना बोलवा आणि युरिया खाल्ल्याची शंका स्पष्ट सांगा. खताच्या बादलीला लाल रंगाचा पट्टा मारून ती वेगळी ठेवा.

युरियाच्या गोणीत ढेकळं झाली असतील तर खत वाया गेलं असं नाही, ओल लागली आहे. गोण्या फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून रचा. ड्रीप तुंबत असेल तर कॅल्शियम नायट्रेट हे १२:६१:० (फॉस्फेटचं खत) किंवा ०:०:५० (सल्फेटचं खत) यांच्याबरोबर एकाच टाकीत कालवलं होतं का ते आठवा. त्याचा पांढरा साका पाण्यात विरघळत नाही. शंका असेल तर आधी काचेच्या बरणीत थोडं मिसळून बघा.

आणि ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका. कोणी प्यायलंच तर उलटी करवू नका, वर येताना ते पुन्हा भाजतं. मूळ कॅनच्या लेबलचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.