निवृत्तीनंतर आउटबॅक: ॲडलेड ते उलुरू, कच्च्या रस्त्यानं

मेलबर्न-सिडनीला मुलांकडे आलेले आईवडील आउटबॅकमधला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड मुलखातला, उलुरू हा प्रचंड खडक पाहायला विमानानं जातात आणि दोन दिवसांत परत येतात. हाताशी वेळ असताना असं करू नका. ॲडलेडहून गाडीनं हॉकर, मरी, विल्यम क्रीक, कुबर पीडी, उलुरू, किंग्ज कॅन्यन आणि ॲलिस स्प्रिंग्ज हा प्रवास पासष्टीच्या जोडप्याला बारा दिवसांत आरामात जमतो. खरा कच्चा टप्पा मरी ते कुबर पीडी एवढाच, सुमारे ३७० किलोमीटरचा. पहिला अर्धा भाग ऊडनाडाटा ट्रॅकवरून जातो. तिथे नीट चालवलंत की बाकीचं अवघड नाही.

कधी आणि कशानं

मे ते सप्टेंबर. जून-जुलैच्या रात्री पारा शून्याजवळ जातो, स्वेटर हवाच. भारतातलं लायसन्स असेल तर आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट काढून आणा. गाडी डावीकडूनच चालवायची असते.

उंच फोर व्हील ड्राइव्ह घ्या. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याला परवानगी असल्याचं लेखी घ्या, ‘चालतं हो’ या तोंडी उत्तरावर जाऊ नका. गाडीचा तळ, टप आणि दुसरं वाहन नसताना गाडी उलटणं, या गोष्टी विम्यातून अनेकदा वगळलेल्या असतात. तेवढी कलमं मोठ्यानं वाचून घ्या. स्टेपनी दोन मागा.

सोबत काय

माणशी रोज दहा लिटर पाणी, शिवाय दोन दिवसांचं जास्तीचं. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, इन्सुलिन गाडीतल्या फ्रिजमध्ये. भारत आणि ऑस्ट्रेलियामध्ये वैद्यकीय सेवेचा परस्पर करार नाही, म्हणून प्रवास विमा काढताना जुनी दुखणी लपवू नका. मोबाइलची रेंज वस्तीपुरतीच असते. ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे उपग्रहाला संकट कळवणारं छोटं यंत्र, विकत किंवा भाड्यानं घ्या. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत निघू नका. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

मेलबर्नहून निघालात तर ताजी फळं आधीच संपवा. फळमाशीच्या भीतीनं साउथ ऑस्ट्रेलियात ती नेऊ देत नाहीत.

मरीच्या पुढचा रस्ता

मरी हे उंटांच्या तांड्यांचं जुनं गाव. १८६६ साली उंट आणि उंटवाले कराचीहून पोर्ट ऑगस्टाला उतरले. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती.

इथे मुक्काम कराच, आणि तो टायरसाठी करा. टायरमधली हवा थंड टायरवरच मोजायची असते. दिवसभर पळालेला टायर गेजवर पाच-सहा पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्त दाखवतो आणि सगळा हिशेब बिघडतो. सकाळी चहाआधी गेज घेऊन खाली बसा. सामान भरलेल्या गाडीत डांबरी रस्त्यासाठी पुढे ३६, मागे ४० पीएसआय असेल, तर पुढे २८ आणि मागे ३२ वर आणा. साधारण वीस-पंचवीस टक्के कमी.

‘हवा कमी केली की पंक्चर होतं, उलट टाइट भरा’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो चूक आहे. टणक टायरमध्ये धारदार खडा सरळ घुसतो. मऊ टायर खड्यावर दबतो आणि त्याला गिळून पुढे जातो. शिवाय पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या रस्त्याचे हादरे निम्मे टायर खातो, नाहीतर ते शॉकॲब्सॉर्बरला आणि तुमच्या मणक्याला खावे लागतात.

मात्र हवा उतरवली की वेगही उतरवायचा. हे दोन्ही एकत्रच करायचं असतं. कमी हवेचा टायर जोरात पळवला की त्याची बाजूची भिंत सतत दुमडते, तापते आणि टायर फाटतो. ताशी ८० ही कमाल. वळणावर ६०, फुफाट्यात त्याहून कमी.

‘शंभरनं मारा, गाडी लाटांवरून तरंगते’ हा दुसरा घातक सल्ला. तरंगते हे खरं, पण त्या वेळी चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली असतात. वळण आलं की स्टिअरिंग फिरतं, गाडी सरळच जाते.

तासाभरानं थांबा आणि पुन्हा मोजा. गरम टायर सकाळपेक्षा सुमारे ४ पीएसआय जास्त दाखवत असेल तर ठीक. सहा-सात जास्त असेल तर हवा फारच कमी आहे, वेग जास्त आहे किंवा ओझं. आधी वेग कमी करा. वाढ दोनच असेल तर थोडी आणखी सोडा. चाकांचे नट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पान्यानं तपासा, बॅटरीचा क्लॅम्पही.

सुट्या मुरमावर फोर व्हील हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी नेहमीच्या वेगाची स्थिती, लावा, डांबर लागताच काढा. ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर. डावं चाक कडेच्या मऊ मातीत उतरलं तर स्टिअरिंग झटकू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि हळू वर घ्या. कांगारू आडवा आला तरी तेच: सरळ रेषेत ब्रेक. चुकवायला जाऊनच गाड्या उलटतात. म्हणून पहाटे, संध्याकाळी आणि रात्री गाडी चालवूच नका. समोरून वाहन आलं की डावीकडे सरका, वेग तोडा, काच फुटते ती अशा वेळी. रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, ५३ मीटरपर्यंत लांब असते. ती येताना थांबून धूळ बसू द्या.

पाऊस झाला तर रस्ता चिखलाचा होतो आणि बंद करतात. बंदीचा फलक ओलांडला तर दंड होतो. दोन दिवस राखून ठेवा.

विल्यम क्रीकला कटी थांडा (लेक एअर) या मिठाच्या सरोवरावरची विमानफेरी घ्या, पाणी नसलं तरी. समुद्रसपाटीखाली सुमारे १५ मीटरवरचं ते मीठ वरूनच नीट दिसतं.

कुबर पीडीला पोचताच कॉम्प्रेसरनं हवा पुन्हा भरा. तिथे स्टुअर्ट हायवेवर वेगमर्यादा ११० आहे, आणि २८ पीएसआयवर ११० म्हणजे अपघात.

पुढचा भाग

कुबर पीडीत जमिनीखालच्या खोलीत राहा. तिथून उलुरूकडे वळायचा फाटा एर्लडंडा ४९० किलोमीटर आणि पुढे उलुरूजवळची मुक्कामाची वस्ती युलारा २४५. हे एका दिवसात करू नका, मार्लाला थांबा. मध्य ऑस्ट्रेलियात साध्या अनलेडेडऐवजी ओपल नावाचं पेट्रोल मिळतं, ते बिनधास्त भरा.

उलुरूवर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. पायथ्याची प्रदक्षिणा दहा किलोमीटरहून थोडी जास्त, सपाट. काही जागांचे फोटो घेऊ नका असे फलक आहेत, ते तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांच्या पवित्र जागांसाठी. पाळा.

किंग्ज कॅन्यनची कड्यावरची फेरी सहा किलोमीटरची आहे, सुरुवातीलाच खडी चढण. गुडघे कुरकुरत असतील तर खालची ओढ्याकाठची वाट घ्या.

गाडी ॲलिस स्प्रिंग्जला परत करा, धुवून आणि दिवसाउजेडी. चारही टायर, काच आणि तळाचे फोटो काढा आणि कर्मचाऱ्यानं तपासल्याची सही घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.