इंजिन नवं बांधलं, पण ऑइल प्रेशर उशिरा येतं? आधी काटा नीट बघा

जुन्या गाडीचं इंजिन बांधून झालं, सेल्फ मारला, इंजिन पटकन सुरू झालं आणि ऑइल प्रेशरचा काटा मात्र सहा-सात सेकंद शून्यावरच. अशा वेळी बहुतेक जण बेअरिंगवर संशय घेतात आणि चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, उतरवायला निघतात. मी आधी त्यांना थांबवतो. सैल बेअरिंगचं लक्षण वेगळं असतं: इंजिन तापल्यावर आयडलला प्रेशर पडतं. काटा उशिरा उठून नंतर जागेवर टिकत असेल, तर दोनच शक्यता मला मोठ्या वाटतात. एक, गाडी उभी असताना ऑइल वाटेतून परत चेंबरमध्ये उतरलंय. दोन, पंप सुरुवातीला ऑइलऐवजी हवा ओढतोय.

यातली कुठली, हे पाना हातात न घेता कळतं. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करा, मग दोन तासांनी, मग रात्रभर उभी ठेवून. प्रत्येक वेळचे सेकंद लिहून ठेवा. दहा मिनिटांनी काटा लगेच उठतो आणि सकाळी उशीर होतो, तर ऑइल उतरतंय. दहा मिनिटांनीही तेवढाच उशीर होत असेल, तर आधी गेज (प्रेशरचा काटा) आणि मग सक्शनची बाजू, म्हणजे पंप चेंबरमधून ऑइल ओढतो ती वाट, तपासा. मात्र दहा सेकंदांत प्रेशर आलं नाही तर इंजिन बंद करा, आणि काटा उठेपर्यंत ॲक्सिलरेटरला हात लावू नका.

गेजवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या गाड्यांतले काही इलेक्ट्रिक गेज आतली पट्टी तापल्यावर चालतात, त्यांचा काटा मुळातच संथ असतो. प्रेशर स्विचच्या जागी आखूड नळीचा मेकॅनिकल गेज थेट ब्लॉकवर लावा. तो झटकन उठला तर इंजिन निरोगी आहे, आणि पुढचं काहीच करायची गरज नाही.

आता फिल्टर, कारण सकाळच्या उशिरात सर्वात जास्त वेळा तोच सापडतो. बऱ्याच फिल्टरमध्ये ऑइल मागे जाऊ नये म्हणून रबराची पातळ झडप असते. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल, जसा काही एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांमध्ये बसतो, तर ही झडप चांगली हवीच. बाहेरून सारखे दिसणारे दोन फिल्टर आतून अगदी वेगळे असू शकतात. रात्रभर उभ्या गाडीचा फिल्टर इंजिन सुरू न करता खोला. जवळजवळ रिकामा निघाला, तर चोर सापडला. दुसरा, खात्रीच्या झडपेचा फिल्टर बसवून सकाळचे सेकंद पुन्हा मोजा.

रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप, याबद्दल थोडक्यात: तो कचऱ्याने उघडा अडकला असेल तर प्रेशर नंतरही कमीच राहील. नंतरचं प्रेशर चांगलं असेल तर त्याच्या मागे लागू नका.

सक्शनच्या बाजूला जाळीची नळी, तिचं पॅकिंग किंवा ओ-रिंग आणि नळीला गेलेली बारीक चीर बघायची असते. इथून ऑइल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही. चेंबर उतरवण्याआधी एक परीक्षा करा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा अर्धा ते एक लिटर ऑइल जास्त घाला आणि फक्त आयडलवर थोडा वेळ चालवा. उशीर स्पष्टपणे कमी झाला तर हवेची फट वाढलेल्या पातळीखाली बुडाली, म्हणजे गळती सक्शनलाच आहे. परीक्षा झाली की जास्तीचं ऑइल लगेच काढा. क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस होतो, आणि फेसाचं प्रेशर बेअरिंगच्या कामाचं नाही.

उरतो पंप. रोव्हर व्ही८ सारख्या इंजिनांत पंप पुढच्या कव्हरमध्ये, ऑइलच्या पातळीच्या बराच वर असतो. कोरडा पंप तिथून ऑइल उचलूच शकत नाही. बांधतानाच गिअरभोवती पेट्रोलियम जेली ठासून भरावी लागते. ग्रीस नको, ती वितळून ऑइलमध्ये तशी मिसळत नाही. पंप उघडलाच असेल तर सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन गिअर व कव्हरमधली फट मोजा. आकडा मॅन्युअलमधलाच धरा. कव्हरवर गिअरचे गोल चर उमटले असतील तर गिअर नवीन घालूनही पंप ऑइल धरून ठेवणार नाही.

दुरुस्ती झाली की पहिल्या स्टार्टची घाई करू नका. जिथे डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) खालून पंप फिरतो तिथे डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने पंप फिरवा, दिशा बरोबर ठेवून. जिथे ते शक्य नाही तिथे सगळे प्लग काढा, इग्निशन तोडा आणि थोडा थोडा सेल्फ मारा, मधे सेल्फला गार होऊ द्या. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर ज्वलनाचा आणि कॉम्प्रेशनचा भार येत नाही. गेजवर प्रेशर दिसलं, इंजिनच्या माथ्यावरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरपर्यंत ऑइल पोचलेलं डोळ्यांनी पाहिलं, मगच प्लग लावा. नवीन कॅम आणि त्यावर घासत चालणारे सपाट टॅपेट असतील तर ही तयारी दुप्पट महत्त्वाची, कारण त्यांना सुरू होताच साधारण २००० आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवायचं असतं, आणि तेव्हा ऑइलची वाट बघत बसायला वेळ नसतो.