खडपातला टर्नस्टोन कसा बघावा

टर्नस्टोन हा दगड उलटून खाणं शोधणारा किनाऱ्यावरचा पाहुणा पक्षी. तो बघायचा तर दुर्बिणीआधी पंचांग काढा. मी रत्नागिरीकडची, कालवं काढायला जाणाऱ्या बायकांच्या मागून खडपात, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर, हिंडत वाढले. त्यांचाच हिशेब मला अजून पुरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोनची भरती, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमाराला पुरती ओहोटी. मोबाइलवरचं कोष्टक जास्त नेमकं असतं, निघताना ते बघाच. पण रजा कधी टाकायची हे तिथीवरून आधीच कळतं. अमावास्या-पौर्णिमेनंतरची तृतीया-चतुर्थी मला सगळ्यात पसंत. उधाणाचा जोर टिकून असतो, खडप लांबवर उघडं पडतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीला, पाणी धड उतरत नाही आणि ओहोटीही ऐन दुपारी. त्या दिवशी घरीच बरं.

सकाळच धरा, याला आणखी एक कारण आहे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि पक्ष्याचे रंग उठून दिसतात. संध्याकाळी समोरून तिरीप येते, सगळे पक्षी काळेच.

नुसत्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, वेळ घालवू नका. शेवाळ, कालवं आणि सुटे लहान दगड असलेलं खडप हवं. रबरी तळाचे, पाय झाकणारे बूट घाला, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. ओहोटी पुरी व्हायच्या दीड-दोन तास आधी पोचा, पाण्यापासून थोडं वर, कोरड्या कातळावर बैठक मारा आणि हलू नका. पाणी उतरेल तसा पक्षी त्याच्यामागे खाली सरकतो. तुम्ही त्याच्यामागे गेलात तर तो उडणार. बसून राहिलात तर चरता चरता बराच जवळ येतो.

ओळखायचा कसा? साळुंकीपेक्षा किंचित लहान, अंगाने गुबगुबीत, पाय आखूड आणि नारिंगी. चोच छोटी, टोकदार, जरा वर वळलेली. हिवाळ्यात पाठ मळकट तपकिरी, छातीवर काळसर पट्टा. त्याच कातळावर दुसरेही किनारपक्षी असतात. तुतवार असेल तर तो सारखी शेपटी हलवतो. चिखल्या चार पावलं पळतो, थांबतो, परत पळतो. टर्नस्टोन मान खाली घालून कामात असतो. उडाला की शंकाच उरत नाही, पाठीवर आणि पंखांवर पांढरे पट्टे लख्ख दिसतात.

आता त्याचं खाणं बघा, त्यासाठीच तर एवढी यातायात. चोच दगडाखाली घालतो, जोर लावून दगड उलटतो आणि खाली लपलेल्या किड्या-कुर्ल्यांना सावरायच्या आत टिपतो. शेवाळाचा गालिचा कपाळाने ढकलत गुंडाळत नेतो. कातळाला चिकटलेल्या बार्नॅकलवर, म्हणजे टणक कवचाच्या बारक्या जिवांवर, चोचीचे घाव घालतो. वाळू उकरतो. मासळीची घाणही त्याला चालते. जगात इतरत्र त्याने साबण खाल्ल्याच्याही नोंदी आहेत! चांगली जागा सापडलेला दांडगा पक्षी पाठीला कुबड काढून, शेपटी खाली पाडून दुसऱ्यांच्या अंगावर धावून जातो. दुबळा बाजूला उभा राहून वाट बघतो. थव्यात कोण मुकादम, हे थोडं बसलात की कळेल.

भरती चढली की ते उंच खडकावर किंवा जेटीवर वाऱ्याकडे तोंड करून बसतात. तेव्हा फोटोसाठी उठवू नका. त्यांना पुढच्या ओहोटीपर्यंत तशीही विश्रांतीच असते आणि एप्रिलमध्ये तर अंगावर चरबी चढवायची असते. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव, विणीला उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात जातो. तिथे जमिनीवर घरटं, बहुतेक चार अंडी. मादी आधी निघते आणि पिल्लं उडती होईपर्यंत नर थांबतो.

आपल्याकडे ते ऑगस्ट-सप्टेंबरपासून दिसू लागतात. मुहूर्त मात्र एप्रिलचा गाठा: पाठ विटकरी-तांबूस, तोंडावर काळ्या-पांढऱ्या रेघा. या रेघा प्रत्येकाच्या वेगळ्या, त्यामुळे फोटो जुळवून एकेक पक्षी ओळखता येतो. हिवाळ्याला ते बहुधा त्याच किनाऱ्यावर परततात, म्हणून कुठल्या खडकावर दिसला तेही लिहून ठेवा. पायात अभ्यासकांनी घातलेली रंगीत कडी किंवा झेंडी दिसली तर रंग, कुठला पाय, वर की खाली आणि अक्षरं टिपून मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.

जूनमध्ये एखादा मळकट पक्षी एकटाच खडपात दिसला तर जखमी समजून पकडायला धावू नका. पहिल्या वर्षाची पोरं बऱ्याचदा उत्तरेला जातच नाहीत, इथेच राहतात.