जित्सी मीट स्वतःच्या सर्व्हरवर बसवताना नेटवर्क सेटिंग्ज कशा कराव्यात

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याला सिन्नरच्या गोदामाशी आणि मुंबईच्या ग्राहकांशी नियमित व्हिडिओ बैठका घ्यायच्या असतील, तर जित्सी मीट हे मुक्त सॉफ्टवेअर कार्यालयातल्याच उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर बसवता येते. नंतरच्या बहुतेक अडचणी नेटवर्कच्या असतात, म्हणून पत्ते, नाव आणि पोर्ट (सर्व्हरवर माहिती ये-जा करण्याची क्रमांकित दारे) इन्स्टॉलेशनच्या आधीच ठरवून लिहून ठेवावेत.

सर्वप्रथम राउटरच्या पानावर इंटरनेट बाजूचा आयपी पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर सेवा पुरवठादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. अशा जोडणीवर राउटरमध्ये काहीही बदलले तरी बाहेरचा माणूस आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घेणे हाच सरळ उपाय आहे. सर्व्हरचा अंतर्गत पत्ताही, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, राउटरमध्ये त्याच्यासाठी राखून ठेवावा.

त्यानंतर आपल्या डोमेनखाली बैठकांसाठी एक उपनाव घेऊन त्याची डीएनएस नोंद (नावाला आयपी पत्त्याशी जोडणारी नोंद) सार्वजनिक पत्त्याकडे वळवावी. इन्स्टॉलर होस्टनेम (सर्व्हरचे नाव) विचारतो तेव्हा हेच पूर्ण नाव द्यावे, आयपी पत्ता देऊ नये, कारण अनेक कॉन्फिगरेशन फाइली त्याच नावाने तयार होतात आणि नंतर नाव बदलणे फार किचकट ठरते.

आता पोर्ट. टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. टीसीपी ८० आणि ४४३, तसेच यूडीपी १०००० हे तीन पोर्ट सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये उघडावेत आणि राउटरमधून सर्व्हरच्या अंतर्गत पत्त्याकडे वळवावेत. संकेतस्थळाची ओळख पटवणारे, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे ९० दिवसांचे मोफत प्रमाणपत्र साधारणपणे ८० पोर्टवरून पडताळले जाते, त्यामुळे तो नंतरही बंद करू नये. सुरक्षित (एचटीटीपीएस) जोडणीशिवाय ब्राउझर कॅमेरा आणि माइक वापरू देत नाही, म्हणून वैध प्रमाणपत्र घ्यावे. दुरून सर्व्हर हाताळण्याच्या एसएसएच सेवेचा २२ पोर्ट मात्र कार्यालयापुरताच ठेवावा.

सर्वांत जास्त लक्ष यूडीपी १०००० कडे द्यावे, कारण बैठकीचे चित्र आणि आवाज याच वाटेने जातात. सर्व्हर राउटरच्या मागे असल्याने व्हिडिओब्रिजला (सर्वांचे चित्र-आवाज एकमेकांकडे पोहोचवणारा जित्सीचा भाग) स्वतःचा सार्वजनिक पत्ता माहीत असणे आवश्यक असते. तो पुष्कळदा आपोआप शोधला जातो, तरी कॉन्फिगरेशनमध्ये अंतर्गत आणि सार्वजनिक असे दोन्ही पत्ते स्पष्ट नोंदवून व्हिडिओब्रिज पुन्हा सुरू करणे अधिक खात्रीचे आहे.

चाचणी किमान तिघांनी करावी आणि त्यांपैकी एकाने मोबाइल डेटावरूनच यावे. दोघांच्या बैठकीत जित्सी शक्य असल्यास थेट जोडणी करते आणि व्हिडिओब्रिज वापरलाच जात नाही. म्हणून नेटवर्क सेटिंग चुकलेली असली तरी दोघांत सगळे सुरळीत चालते आणि तिसरा येताच चित्र व आवाज नाहीसे होतात. असे झाल्यास सॉफ्टवेअर पुन्हा बसवू नये, आधी यूडीपी १०००० आणि ते दोन पत्ते तपासावेत.

बाहेरच्यांना बैठक उघडते पण कार्यालयातील संगणकांना उघडत नाही, असेही काही राउटरवर घडते, कारण ते आतून आलेली विनंती स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावरून परत आत वळवत नाहीत. अशा वेळी कार्यालयाच्या अंतर्गत डीएनएसमध्ये तेच नाव सर्व्हरच्या अंतर्गत पत्त्याला जोडावे.