सोसायटीत कमी पाण्याच्या बागेची कार्यशाळा कशी घ्यावी

कार्यशाळा फेब्रुवारीच्या अखेरीस ठेवावी, कारण तेव्हा पानगळ सुरू असते आणि एरवी जाळला जाणारा पालापाचोळा आच्छादनासाठी आवारातच मिळतो. १५ पेक्षा अधिक माणसे बोलावू नयेत. प्रत्येकाचे हात मातीत गेलेच पाहिजेत.

सुरुवातीला बोट दोन पेरे मातीत घालून पाहण्यास सांगावे. आत ओल लागली, तर वरची माती कितीही कोरडी दिसली तरी त्या दिवशी पाणी देऊ नये.

सर्वाधिक वेळ मडक्याच्या प्रात्यक्षिकाला द्यावा. कुंभाराकडून एक-दोन लिटरचे, रंग न दिलेले मडके आणावे. रंगाने छिद्रे बुजतात आणि पाणी झिरपत नाही. ते भरून ठेवल्यावर थोड्या वेळाने बाहेरून गार, दमट लागले, म्हणजे ते योग्य आहे. मग ते वाफ्यात गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि डास होऊ नयेत म्हणून न विसरता झाकावे. माती जसजशी सुकते तसतसे पाणी झिरपते, म्हणून वांगी, मिरची मडक्यालगतच लावावी.

शेवटी वाफ्यावर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरावा. खोडाभोवती मात्र थोडी जागा मोकळी सोडावी. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना चालते, साबणाचे किंवा मिठाचे नाही.