खुडूक कोंबडी बसवताय? आधी या चुका टाळा

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी झाली, पाऊस ओसरला, भातकापणी जवळ आली की आमच्या गोव्यातल्या सत्तरीत घरोघरी कोंबड्या अंड्यांवर बसवायला सुरुवात होते आणि त्यानंतर तीनेक आठवड्यांनी माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न दरवर्षी तेच. "भाऊ, 21 दिवस होऊन गेले, एक पिल्लू नाही." "कोंबडी अर्ध्यातून उठून गेली." "टोपलीला घाण वास येतोय." जरा खोदून विचारलं की कळतं, कोंबडीने काहीच बिघडवलेलं नसतं. सगळी करामत घरच्या माणसांची. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या वर्षी फोन आला की हेच पाठवीन.

अंड्यांपासून सुरू करू. फार्मची पांढरी अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसू बघणाऱ्या, कोंबडीखाली ठेवून पिल्लांची वाट बघणारे लोक अजून आहेत, हे खरंच आहे. तिथे कोंबडाच नसतो, पिल्लू येणार कुठून? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गावठी म्हणून आणलेल्या अंड्यांचंही तेच, कधीची आहेत, कोंबडा होता की नव्हता, गाडीत किती आदळली, कुणाला ठाऊक. ज्या घरी कोंबडा आणि कोंबड्या एकत्र फिरताना तुम्ही स्वतः बघितलंय तिथूनच अंडी घ्या. फ्रीजमधली नको. धुतलेली नको, अंड्यावर एक नैसर्गिक थर असतो तो धुतला की जंतू आत जायला वाट मोकळी. आणि सात दिवसांपेक्षा जुनी नको. आपल्याकडे मार्च ते मेमध्ये घरातच 30 अंशांच्या वर असतं, तेवढ्या उबेने आतलं बी अर्धवट वाढायला लागतं आणि मग मरतं, त्यामुळे अंडी जमवायची तर सगळ्यात थंड कोपऱ्यात. मी पाण्याच्या माठाशेजारी तुसात ठेवतो, टोक खाली करून.

दुसरं, कोंबडी खरंच खुडूक आहे का ते बघा. दुपारभर खोपट्यात बसली म्हणजे खुडूक झाली असं नाही. हात जवळ नेल्यावर पिसं फुलवते, गुरगुरते, उचलून बाहेर ठेवली तर परत जाऊन चपटी होऊन बसते, पोटाखालची पिसं झडून कातडी गरम लागते, ही खरी खुडूक. तरीपण मी दोन-तीन रात्री साधी अंडी ठेवून परीक्षा घेतो, टिकली तरच चांगली अंडी देतो. जागा बदलायची असेल तर रात्री, अंधारात. दिवसा हलवलीत तर ती तडक जुन्या जागेवर जाऊन बसेल आणि तुमची अंडी इकडे थंड. आणि गिरिराज, वनराज या सुधारित जाती, फार्मच्या लेयर म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या, यांच्याकडून बसण्याची फार आशा ठेवू नका, त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवा.

अंडी किती? तिच्या पंखाखाली झाकली जातील तितकीच. आपली गावठी असली तर दहा-बारा. लोक अठरा-वीस ठेवतात, म्हणतात कडेची चार गेली तर गेली. चारच जात नाहीत हो! कोंबडी दिवसभर चोचीने अंडी फिरवत असते, कडेची आत, आतली कडेला, म्हणजे प्रत्येक अंड्याची थंड पडायची पाळी येते आणि सगळा घाणा बिघडतो.

आता ज्या चुकीवर मला सगळ्यात जास्त राग येतो ती.

खुडूक कोंबडीला बाकीच्या कोंबड्यांसोबत त्याच खोपट्यात ठेवणं, आणि अंड्यांवर खूण न करणं. ती चरायला उठली की दुसरी कोंबडी येऊन त्याच टोपलीत अंडं घालून जाते. आयतं घरटं मिळाल्यावर कोण सोडणार. आमच्या वाड्यावरच्या एका काकींकडे बारा अंडी ठेवलेली, मी विसाव्या दिवशी सहज गेलो तर टोपलीत अंड्यांचा ढीग, कोंबडी वर तरंगल्यासारखी बसलेली आणि काकी खूश, म्हणे वाढली बघ. त्यातली मूळची कुठली आणि काल घातलेली कुठली, सांगायला काही मार्ग नाही. व्हायचं तेच झालं. पाच पिल्लं आली, दुसऱ्या दिवशी कोंबडी त्यांना घेऊन अंगणात चालू पडली, कारण पिल्लं पायाशी फिरायला लागली की तिला उरलेल्या अंड्यांशी काही देणंघेणं नसतं. मागे राहिलेली फोडून बघितली तर कुणात अर्धं पिल्लू, कुणात नुसत्या शिरा. काकी म्हणाल्या कोंबडी वाईट. मी काही बोललो नाही, वयाने मोठ्या आहेत.

उपाय फुकटचा आहे. सगळी अंडी एकाच रात्री ठेवा, प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारा, आणि रोज संध्याकाळी ती उठते तेव्हा बिनफुलीचं दिसलं तर उचलून आमलेट करा. कोंबडी वेगळ्या जागी असेल तर एवढंही नको.

जागेबद्दल. चिऱ्याच्या भिंतीच्या फटीत धामण आणि नाग दोन्ही राहतात, त्यामुळे टोपली भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका. मोठ्या भोकांची जाळी कोंबडी आत ठेवते, साप आणि उंदीर बाहेर ठेवत नाही, अर्ध्या इंचाची घ्या. तळाला थोडी माती, वर सुका पेंढा. पावसाळ्यात बसवलीत तर पेंढा ओला होऊन बुरशी धरतो. ढग गडगडले की अंडी खराब होतात म्हणून लोक टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवतात, कोळसा ठेवतात. ठेवा बापडे, पण गळणारं कौल आधी बदला.

उवा आणि पिसवा. बसवायच्या आधी पिसांत चुलीची राख चोळा, पेंढ्यात कडुलिंबाचा पाला घाला. कोंबडी मधेच उठून जायचं हे मोठं कारण असतं, रात्री टोपलीवर हात ठेवा, बारीक काहीतरी हातावर चढलं तर समजा. झाडांवर मारायची पावडर टोपलीत टाकू नका, पिल्लं त्यातच जन्मणार आहेत.

खाणं-पाणी चोचीखाली ठेवू नका. बसलेली कोंबडी दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, मातीत लोळते आणि एक भलीमोठी घाणेरडी शी करते, हे सगळं बाहेर व्हायला हवं. तेवढ्यात अंडी थंड होत नाहीत, आपल्या हवेत तर नाहीच, तिला पकडून परत बसवायची धावपळ करू नका. दिवसभर उठलीच नाही तर मी संध्याकाळी हळूच उचलतो, आधी पंखाखाली बोटं फिरवून बघतो, तिथे अंडं अडकलेलं असतं आणि उचलताना पडून फुटतं. खायला अख्खं भात किंवा मका.

अंड्याला टॉर्च लावून आत बघायचं तर सातव्या-आठव्या रात्री एकदा. लाल शिरांचं जाळं दिसलं की चांगलं, स्वच्छ दिसलं की काढून टाका, नाहीतर तेच पुढे फुटून वास मारतं. मग वाटलं तर चौदाव्या दिवशी. अठराव्यानंतर हात लावायचा नाही. अजिबात नाही.

पण ऐकतंय कोण. शेजारचा मुलगा बोटीवर कामाला असतो, सुट्टीला आला होता, त्याला जायच्या आधी पिल्लं बघायची होती आणि व्हिडिओ काढून बोटीवरच्या मित्रांना दाखवायचा होता. विसाव्या संध्याकाळी एका अंड्याला बारीक भोक पडलं. तीन तास झाले, पुढे काही नाही. याने मोबाईलवर कुठेतरी बघितलं की कोमट पाणी लावून कवच सोलायचं, आणि नखाने सोलायला बसला. आतल्या पापुद्र्यातून रक्त आलं, पिल्लाच्या पोटाबाहेर पिवळं बलक लोंबत होतं, तासाभरात गेलं. तेवढ्यावर थांबावं की नाही? दुसऱ्यालाही भोक होतं, तेही सोललं. तेही गेलं. मग त्याच्या आईने ओरडून त्याला तिथून हाकललं. उरलेली सगळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपली आपण बाहेर आली.

पहिलं भोक पाडल्यावर पिल्लू बारा ते चोवीस तास नुसतं पडून असतं. ते अडकलेलं नसतं. तेवढ्या वेळात फुप्फुसं काम करायला लागतात, पापुद्र्यातलं रक्त अंगात ओढलं जातं, उरलेलं बलक पोटात जातं. ते झालं की मग गोल फिरत कवच कापतं, त्याला एक-दोन तास पुरतात. तुम्ही मधे सोललंत म्हणजे ऑपरेशन अर्ध्यावर थांबवून पेशंटला घरी पाठवलंत. माझी सवय अशी की विसाव्या दिवशी मी टोपलीवर गोणपाट टाकतो आणि शेतावर जातो.

फक्त लाल मुंग्यांकडे लक्ष द्या. भोक पडलेल्या अंड्याचा वास त्यांना बरोबर लागतो आणि त्या जिवंत पिल्लू खातात. टोपली स्टुलावर ठेवा, स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पिल्लं सुकली की टोपली खाली जमिनीवर घ्या, उंचावरून पडून पाय मोडतात.

पिल्लू बाहेर आल्याबरोबर कणी भरवायची घाई नको, पोटातल्या बलकावर ती दीड-दोन दिवस निघतात. पाणी मात्र लवकर ठेवा, उथळ बशीत, आणि बशीत खडे टाका, नाहीतर बुडतात. पहिले दोन-तीन आठवडे आईसकट डालग्याखाली, घार आणि कावळे वरून बघतच असतात.

रानीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून द्यायची, यात कंजूषपणा करू नका, रोग आला की वाड्यावर एक पिल्लू राहत नाही. लसीची बाटली बऱ्याच पिल्लांना पुरेल एवढी येते, मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते आणि घरी आणेपर्यंत बर्फात ठेवावी लागते, म्हणून आम्ही तीन-चार घरं मिळून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवतो आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आधी विचारून एकच बाटली वाटून घेतो.