वितळलेली अणुभट्टी मोडीत काढताना कामांचा क्रम कसा लावावा

आयुष्य संपलेली धडधाकट अणुभट्टी मोडीत काढताना इंधन कुठे आहे हे ठाऊक असते. अपघातात वितळलेल्या भट्टीत नेमके तेच आधी शोधावे लागते. जपानमधील फुकुशिमा दाइइची केंद्रात ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर तीन भट्ट्यांतील इंधन वितळले आणि धातू-काँक्रीटमध्ये मिसळून त्याचा अंदाजे ८८० टन राडा झाला. त्यामुळे पाडकामाची घाई करू नये.

आधी पाण्याची व्यवस्था लावावी. भट्टी बंद पडली तरी इंधनातून उष्णता निघतच राहते, म्हणून त्यावर पाणी सोडत राहावे लागते, आणि हे पाणी किरणोत्सारी होते. त्यात भूजल झिरपून भर पडते. ते अडवण्यासाठी फुकुशिमात भट्ट्यांभोवतीची जमीन सुमारे दीड किलोमीटर लांबीत आणि ३० मीटर खोलीपर्यंत गोठवण्यात आली. उपसलेल्या पाण्यातील बहुतेक किरणोत्सारी द्रव्ये गाळता येतात; ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) मात्र पाण्याच्या रेणूतच बसलेले असल्याने ते मागे उरते. असे पाणी हजाराहून अधिक टाक्यांत साठत गेले आणि ऑगस्ट २०२३ पासून ते सौम्य करून समुद्रात सोडले जाऊ लागले. याला मच्छीमारांचा विरोध होता. त्यांच्याशी बोलणी टाक्या भरत आल्यावर नव्हे, पहिली टाकी उभारतानाच सुरू करावीत.

त्यानंतर साठवण तलावांतील न वितळलेले इंधन हलवावे. चौथ्या भट्टीच्या तलावातील १,५३५ इंधन-जुडगे डिसेंबर २०१४ पर्यंत निघाले. तिसऱ्या भट्टीत किरणोत्सर्ग तीव्र असल्याने यंत्रे दुरून चालवावी लागली आणि ते काम २०२१ मध्ये संपले.

वितळलेल्या इंधनाला हात सर्वांत शेवटी घालावा, तोही सुरुवातीला नमुन्यापुरता. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला १९७९ च्या अपघातानंतर तीन वर्षांनी कॅमेरा आत गेला आणि इंधन काढण्याचे मुख्य काम १९८५ ते १९९० चालले. तिथे भट्टीचे भांडे शाबूत राहिल्याने ते पाण्याने भरून वरून काम करता आले. फुकुशिमात इंधन भांड्यांबाहेर पडले आहे, शिवाय गळतीही आहे, त्यामुळे ती सोय नाही.

फुकुशिमाच्या दुसऱ्या भट्टीत नमुना काढण्यासाठी मासेमारीच्या गळाच्या काठीसारखे लांबणारे उपकरण आत ढकलायचे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला ढकलणारे पाच नळ चुकीच्या क्रमाने लावलेले आढळले आणि काम थांबले. तोंडावर मुखवटा, हातांत थरावर थर मोजे आणि मोजकाच वेळ अशा स्थितीत माणूस चुकणारच, म्हणून प्रत्येक नळावर ठळक क्रमांक घालावा, प्रतिकृतीवर सराव करून घ्यावा आणि जुळणी दुसऱ्या जबाबदार माणसाने जागेवर तपासावी. पुढे कॅमेराही बिघडला. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आलेला तुकडा होता सुमारे ०.७ ग्रॅमचा.

एवढ्याशा तुकड्यावरून राड्याची कठीणता आणि घडण यांचा पहिला अंदाज बांधता येतो. कापण्याची अवजारे आणि साठवणीची पिंपे कशी असावीत हे अशा अनेक नमुन्यांवरून ठरवावे, आणि मुदतीची तारीख त्यानंतरच जाहीर करावी.